एसएमपीएस बदलण्याआधी

मावळात पाऊस बसला की घरोघरच्या डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या तक्रारी सुरू होतात. बटण दाबावे तर काहीच हालचाल नाही. किंवा पंखा एक झटका घेतो आणि थांबतो. किंवा सकाळी चार-पाचदा बटण दाबल्यावर मशीन कसेबसे सुरू होते आणि मग दिवसभर बिनतक्रार चालते. उचलून दुकानात नेले की उत्तर बहुधा दोहोंपैकी एक मिळते: ‘एसएमपीएस गेलाय’, नाहीतर ‘बोर्ड गेलाय, आता नवीनच घ्या’. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला, कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. पहिले उत्तर पुष्कळदा बरोबर असते, पण अर्धेच. एसएमपीएस कशाने गेला हे कोणी पाहत नाही. जुना ज्या प्लगला लावलेला असताना गेला, त्याच प्लगला नवा लागतो आणि वर्ष-दोन वर्षांत तोही जातो. दुसरे उत्तर ऐकून तर लगेच खिशात हात घालूच नये, कारण एसएमपीएस नीट न तपासता बोर्डावर खापर फोडणे फार सोपे असते.

आपल्या भागात या बिघाडाचे मूळ बहुधा एसएमपीएसच्या बाहेर असते. घरात येणारी लाइट, अर्थिंग आणि ओल या तिघांपैकी कोणीतरी त्याला बिघडवलेले असते. म्हणून तपासणी भिंतीतल्या सॉकेटपासून सुरू करावी आणि मग आत जावे. यातले बरेचसे काम तुम्ही घरी करू शकता. जे करू नये, तेही पुढे सांगितले आहे आणि ते तितकेच महत्त्वाचे आहे.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. तळेगावकडे येईतो तो झपाट्याने कमी होतो. पण खंडाळा, कार्ला, पवनेचे खोरे, नाणे मावळ, आंदर मावळ इथल्या घरांत जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीला हात लावला तर ओल हाताला लागते. ही ओल कॅबिनेटच्या मागच्या जाळीतून आत शिरते आणि तिथे साठलेल्या धुळीत मुरते. कोरड्या धुळीतून वीज वाहत नाही, ओल्या धुळीतून थोडी थोडी वाहते. त्यात लाइटची तऱ्हा. लोणावळ्याच्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीचे वीजघर १९१५ पासून चालते, ठोकरवाडीच्या पाण्यावर भिवपुरीचे १९२२ पासून. वीज तयार करण्यात हा मुलूख कधीच मागे नव्हता. पण घरापर्यंतचा शेवटचा टप्पा उघड्या तारांचा आहे आणि तो झाडांमधून, उतारांवरून, वाऱ्यापावसातून येतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा मावळात विजेचे खांब आडवे झाले. एवढे मोठे वादळ दरवर्षी येत नाही, पण तारेवर फांदी पडणे, डीपीतला सांधा सैल होणे आणि लाइटने मिनिटाला तीनदा जाणे-येणे हे दर पावसाळ्यात ठरलेलेच आहे.

एसएमपीएसचे काम नेमके काय, हे एकदा समजून घेतले की पुढच्या सगळ्या चाचण्यांचा अर्थ लागतो. भिंतीतून आलेल्या २३० व्होल्टचे तो १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसी करतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचा मुख्य भार १२ व्होल्टवर असतो. हे आकडे फार तर पाच टक्के वर-खाली व्हावेत अशी अपेक्षा असते. म्हणजे १२ चे ११.४० ते १२.६०, ५ चे ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ चे ३.१४ ते ३.४७. आणखी एक जबाबदारी त्याच्यावर असते. लाइट डोळ्याची पापणी लवते एवढीच गेली, तर मधला काळ त्याने आपल्या पोटातल्या मोठ्या कॅपॅसिटरच्या साठ्यावर काढायचा असतो. चांगल्या एसएमपीएसने पूर्ण भारावर निदान १६-१७ मिलिसेकंद तग धरावा, असे मानक सांगते. कॅपॅसिटर जुना झाला की हीच ताकद आधी ओसरते. लाइट कमी दाबाची असेल तर साध्या एसएमपीएसमधला साठाही कमी भरतो: २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर त्या कॅपॅसिटरमधली ऊर्जा जेमतेम साठ टक्के उरते. त्यामुळे संध्याकाळी दाब उतरलेला असताना लाइट नुसती लुकलुकली, तरी जुना कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो आणि शेजारच्या बल्बला पत्ताही लागत नाही.

आधी सॉकेट

पवनानगरच्या बाजूच्या एका घरातला कॉम्प्युटर रोज संध्याकाळी बंद पडत असे. रॅम बदलून झाली, विंडोज नव्याने टाकून झाले, एसएमपीएसही बदलला. मग कोणीतरी मल्टीमीटर सॉकेटला लावून धरला आणि घरातल्यांना पाण्याची मोटर सुरू करायला सांगितले. आकडा २१४ वरून एकदम १७८ वर आला. मेन स्विच उघडला तर न्यूट्रलचा स्क्रू सैल होता आणि त्याच्याभोवतीचे बेकलाइट तपकिरी पडले होते. वायरमनने तारेचे टोक कापून, साफ करून पुन्हा घट्ट आवळले आणि जुना एसएमपीएस परत बसवला. तो व्यवस्थित चालला. एवढे सगळे पैसे एका स्क्रूपायी गेले होते.

तीन-चारशे रुपयांत साधा डिजिटल मल्टीमीटर मिळतो. ज्या घरात कॉम्प्युटरवर कोणाचा अभ्यास किंवा पोट अवलंबून आहे, त्या घरात तो असावा. सॉकेट तपासताना तो एसी ७५० वर ठेवा. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात नाही ना, हे दरवेळी पाहा. ती तिथे असताना सॉकेटला लावली तर थेट शॉर्ट होतो आणि हाताशीच स्फोट होतो. पिना धरताना बोटे प्लास्टिकच्या कड्याच्या मागे ठेवा, पायात चप्पल असू द्या, जमीन कोरडी असू द्या. सकाळी एकदा, संध्याकाळी सात-आठच्या सुमारास एकदा आणि घरातली मोटर, गिझर किंवा फ्रिज चालू होताना एकदा आकडा पाहा. २१५ ते २४५ च्या आत असेल तर काळजी नाही. मोठे उपकरण चालू होताना तो वीस-पंचवीस व्होल्टने आपटत असेल, तर वायरिंगमध्ये कुठेतरी सांधा सैल आहे किंवा लाइनच कमजोर आहे.

आकडा २६० च्या वर दिसला, किंवा मोटर लावल्यावर घरातले काही दिवे मंद होण्याऐवजी जास्त उजळू लागले, तर पुढचे काही तपासत बसू नका. मेन स्विच बंद करा. हे बाहेरच्या लाइनवरचा न्यूट्रल तुटल्याचे किंवा सैल झाल्याचे लक्षण आहे. अशा वेळी घराला २३० ऐवजी तीनशे-साडेतीनशे व्होल्ट मिळू शकतात आणि एसएमपीएस, टीव्ही, फ्रिज, वायफाय राउटर एका दमात जातात. महावितरणला १९१२ वर कळवा आणि शेजाऱ्यांनाही सांगा, कारण त्याच लाइनवर त्यांचीही घरे असतात.

आता अर्थिंग. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला किंवा स्क्रूला हात लागला की मुंग्या येतात, टेस्टर लावला तर पेटतो, हा अनुभव फार घरांत असतो आणि लोक तो एसएमपीएसचा दोष समजतात. बहुतेक वेळा तो दोष नसतो. एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणीसारखे काम करणारे दोन छोटे कॅपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातून पाझरणारी किंचित वीज जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्ट तरंगत राहतात. हा करंट अगदी थोडा असतो, पण त्याकडे दुर्लक्ष करू नये. एक तर एसएमपीएसमध्ये खरोखर काही फुटले तर तुमच्या अंगाशिवाय विजेला जायला वाट नसते, आणि दुसरे म्हणजे प्रिंटर, मॉनिटर, नेटची केबल जोडताना हाच दाब त्यांच्या पोर्टमध्ये उतरतो. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाकलेली असेल किंवा दोन पिनांचा जोड वापरला असेल, तर तो आजच बदला. गावातल्या जुन्या घरांत सॉकेटला अर्थिंगचे भोक असते, पण मागे तारच जोडलेली नसते. ते वायरमनकडून तपासून घ्या. एका अर्थिंगचा खर्च नव्या एसएमपीएसच्या तुलनेत जास्त वाटेल, पण ती सगळ्या घराच्या जिवाची गोष्ट आहे.

सॉकेट ठीक निघाला की मधले दुवे एकेक करून वगळा. एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून केबल थेट भिंतीला लावा. मग पॉवर केबल बदला. बऱ्याच मॉनिटरची केबल तीच असते, ती काढून लावून पाहा. एसएमपीएसच्या मागे काळा स्विच असेल तर तो ‘०’ वर तर नाही ना, हे पाहा. साफसफाईत तो दाबला गेलेला असतो. जुन्या एसएमपीएसला मागे ११५ आणि २३० लिहिलेला लाल सरकता स्विच असतो. तो २३० वरच असला पाहिजे. लहान मुलांनी तो ११५ वर सरकवला आणि मग बटण दाबले, तर आवाज होऊन एसएमपीएस त्याच क्षणी जातो. त्यावर आजच चिकटपट्टी लावून टाका.

यूपीएस असेल तर तो वगळूनही पाहा, पण त्याआधी त्याच्याकडून एक उपयोगी चाचणी करून घ्या. कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोन्ही यूपीएसवर ठेवून, काम सेव्ह करून, यूपीएसचा भिंतीतला स्विच बंद करा. दोन्ही विझले तर यूपीएसची बॅटरी गेली आहे. मॉनिटर तसाच राहिला आणि कॉम्प्युटर मात्र रिस्टार्ट झाला, तर संशयाची सुई एसएमपीएसकडे वळते: यूपीएसला बॅटरीवर यायला लागणारे काही मिलिसेकंदही त्याला आता झेपत नाहीत. घरभर इन्व्हर्टर असेल तर मात्र निष्कर्षाची घाई नको. बऱ्याच इन्व्हर्टरवर यूपीएस मोड आणि साधा मोड असा स्विच असतो. साध्या मोडमध्ये अदलाबदलीला जास्त वेळ लागतो आणि उत्तम एसएमपीएसही रिस्टार्ट होतो. स्विच यूपीएस मोडवर करून पुन्हा बघा. फ्रिजचा स्टॅबिलायझर कॉम्प्युटरला लावू नये. त्याचा रिले टकटक करतो तेव्हा लाइट क्षणभर तुटतेच.

मशीन काय दाखवते

आता लक्षणे. बटण दाबल्यावर काहीच होत नसेल, तर आधी ऑप्टिकल माऊसचा लाल दिवा किंवा नेटच्या पोर्टजवळचा दिवा पेटलेला आहे का ते पाहा. कॅबिनेट उघडले तर कित्येक मदरबोर्डवरही एक बारीक दिवा असतो. कॉम्प्युटर बंद असतानाही एसएमपीएस जांभळ्या तारेतून ५ व्होल्ट सतत देत असतो, त्यावर हे दिवे चालतात. एकही दिवा नाही म्हणजे वीज आतपर्यंत येतच नाही किंवा एसएमपीएसचा हा भाग गेला आहे. दिवा आहे पण बटणाला प्रतिसाद नाही, तर खुद्द बटण तपासा. पावसाळ्यात पुढच्या बटणाचा आतला संपर्क गंजतो आणि लोक एसएमपीएस बदलून बसतात. मदरबोर्डवर पॉवर स्विचची दोन पिनांची छोटी जोडणी असते. ती काढून तिथे रिसेट बटणाची जोडणी लावा आणि रिसेट दाबा. मशीन सुरू झाले तर बिघाड बटणातच होता.

पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीनवर काही येत नाही, ही पावसाळ्यातली सगळ्यांत जास्त आढळणारी तक्रार आहे आणि ती बहुधा एसएमपीएसची नसते. प्लग काढा, रॅम काढा, तिच्या सोनेरी कडेवरून साधे खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कोरड्या कापडाने पुसा आणि दोन्ही बाजूंचा ‘टक’ ऐकू येईपर्यंत परत बसवा. तारीख-वेळ रोज चुकत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. सुरू केल्यापासून ठरावीक वेळाने बंद पडत असेल, तर प्रोसेसरचा पंखा आणि त्याखालची पेस्ट बघा, आणि एसएमपीएसच्या मागे हात धरून हवा बाहेर येते का तेही पाहा. त्याचा पंखा धुळीने अडकला असेल तर तो तापून स्वतःला बंद करतो. विंडोजच्या नोंदवहीत कर्नेल-पॉवर ४१ असे दिसले म्हणून एसएमपीएस दोषी ठरत नाही. ती नोंद एवढेच सांगते की मशीन रीतसर बंद झाले नव्हते. लाइट गेली तरी तीच नोंद पडते.

खऱ्या अर्थाने एसएमपीएसकडे बोट दाखवणारी लक्षणे वेगळी आहेत. गेम, व्हिडिओ किंवा मोठे काम सुरू केले की क्षणात रिस्टार्ट होणे. हार्ड डिस्क किंवा यूएसबी मधूनच गायब होणे. मागून जळका, कधी माशासारखा वास येणे. आणि माझ्या मते सगळ्यांत बोलके लक्षण म्हणजे गार सकाळी सुरू न होणे आणि एकदा तापला की ठणठणीत चालणे. कॅपॅसिटरमधला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आटत जातो. दर १० अंश तापमानवाढीला त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. आटलेला कॅपॅसिटर थंड असताना आणखीच दुबळा असतो. डिसेंबरच्या गारठ्यात किंवा श्रावणातल्या धुक्याच्या सकाळी लोणावळ्यात जो कॉम्प्युटर पाचव्यांदा बटण दाबल्यावर सुरू होतो, तो महिन्या-दोन महिन्यांत सुरूच होणार नाही, असे समजून आधी आपल्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवा.

याची खातरजमा डोळ्यांनीही होते. प्लग काढा, कॅबिनेट उजेडात घ्या आणि एसएमपीएसच्या जाळीतून टॉर्च मारा. आत उभे छोटे डबे दिसतात, त्यांच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असते. ते डोके सपाट असायला हवे. फुगून वर आलेले, खाचेतून फाटलेले किंवा भोवती तपकिरी खरपुडी जमलेले दिसले, तर निदान झाले. मावळातल्या घरांत याच जाळीतून मुंग्या आणि पालीही आत जातात. वाळलेली पाल आत दिसली तर तो एसएमपीएस पुन्हा प्लगला लावू नका.

टॉर्चपुढे मात्र जाऊ नका. एसएमपीएसचे चार स्क्रू काढून तो उघडण्याचा मोह आवरा. आतला मोठा कॅपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टला भरलेला असतो, काही प्रकारांत चारशेच्या जवळ, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तसाच राहू शकतो. घरी बसून शिकण्याचे हे काम नाही.

हिरवी आणि काळी

आता तारांची चाचणी. नामांकित कंपन्यांचे जुने ऑफिस-डेस्कटॉप आज अनेक घरांत आहेत. त्यांतल्या कित्येकांचा कनेक्टर नेहमीच्या २४ पिनांचा नसतो आणि तारांचे रंगही वेगळे असतात, त्यांना ही चाचणी लागू नाही. डेलच्या काही ऑप्टिप्लेक्स मशीनना मागे एसएमपीएसवरच तपासणीचे छोटे बटण आणि दिवा असतो, तेवढ्याने काम भागते. सगळ्याच तारा काळ्या असतील तरीही हे करू नका. रंगीत तारांच्या साध्या एसएमपीएससाठी पुढची रीत.

प्लग भिंतीतून काढा. एसएमपीएसच्या सगळ्या जोडण्या मदरबोर्ड, डिस्क, ग्राफिक्स कार्ड यांपासून सोडवा. एखादी जुनी, टाकाऊ हार्ड डिस्क किंवा डीव्हीडी ड्राइव्ह तेवढी जोडून ठेवा, म्हणजे त्याला थोडा भार मिळेल. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी तार एकच असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना काळी असते. यू आकारात वाकवलेला तारेचा तुकडा किंवा कागदाची पिन हिरवीत आणि शेजारच्या काळीत घट्ट बसवा. कनेक्टर लाकडी टेबलावर ठेवा, हात काढा आणि मगच प्लग लावून स्विच चालू करा. पंखा फिरला नाही आणि जांभळ्या तारेवरही ५ व्होल्ट नसतील, तर एसएमपीएस गेला. नव्या शांत प्रकारांत कमी भारावर पंखा फिरतच नाही, म्हणून नुसत्या पंख्यावर जाऊ नका, मीटर लावा.

पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असेही नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. मल्टीमीटर डीसी २० वर ठेवा, काळी पिन काळ्या तारेत, लाल पिन पिवळ्या तारेत: १२ च्या आसपास हवे. लाल तारेत ५, नारिंगीत ३.३. राखाडी तारेत क्षणभराने ५ च्या जवळ आकडा यायला हवा. सगळे ठीक आहे असे एसएमपीएस मदरबोर्डला या तारेतून सांगतो; ती शून्यावर राहिली तर बोर्ड सुरूच होत नाही.

खरी परीक्षा भारावर असते. सगळे पुन्हा जोडा, कॉम्प्युटर सुरू करा आणि डिस्कला जाणाऱ्या मोकळ्या चार पिनांच्या जोडणीत पिवळी आणि काळी यांत मीटर धरा. मग एखादे जड काम लावा. रिकाम्यात १२.१ दाखवणारा एसएमपीएस भारावर ११.२ वर घसरला तर तो संपला. ११.८-११.९ वर स्थिर राहिला, तर बिघाड दुसरीकडे शोधा. मीटर एक गोष्ट दाखवू शकत नाही: आकडा बरोबर असूनही त्यात बारीक थरथर असू शकते, आणि ती फक्त ऑसिलोस्कोपवर दिसते. म्हणून सगळे आकडे बरोबर येऊनही मशीन रिस्टार्ट होत असेल, तर शेजारच्या किंवा मित्राच्या चालत्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस तासभर आणून लावा. यासारखा खात्रीचा पुरावा नाही. मात्र उलटा प्रयोग करू नका. संशयित एसएमपीएस दुसऱ्याच्या मशीनला लावला तर त्याचा बोर्ड जाऊ शकतो.

पंखा झटका घेऊन थांबत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे, असे एसएमपीएस सांगत असतो. डिस्क, डीव्हीडी, ग्राफिक्स कार्ड, यूएसबीची उपकरणे एकेक करून काढत जा, दरवेळी प्लग काढूनच. कशानंतर मशीन सुरू होते ते पाहा. सगळे काढूनही झटका तसाच असेल आणि आणलेल्या चांगल्या एसएमपीएसवरही तोच प्रकार होत असेल, तेव्हा कुठे ‘बोर्ड गेलाय’ हे वाक्य मान्य करावे.

ओल आणि वीज

लोणावळा-खंडाळ्यातल्या ज्या बंगल्यांत माणसे शनिवार-रविवारीच येतात, तिथले कॉम्प्युटर वापराने नव्हे, न वापरण्याने मरतात. बंद खोलीत महिनाभर ओल शोषलेले मशीन आल्या आल्या सुरू केले जाते आणि ओल्या धुळीवर २३० व्होल्ट पडतात. आधी खिडक्या उघडा, कॅबिनेटची एक बाजू काढून तासभर पंख्याखाली ठेवा, मग सुरू करा. रोज राहणाऱ्यांनी पावसाळ्यात दिवसाला तासभर तरी कॉम्प्युटर चालू ठेवावा. त्याची स्वतःची ऊब त्याला कोरडा ठेवते. कॅबिनेट जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला चिकटून नसावे. मे महिन्यात एकदा, पावसाच्या आधी, अंगणात नेऊन ब्लोअरने धूळ काढावी, आणि त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत.

वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की स्विच बंद करून भागत नाही, प्लग ओढून काढा. स्विच फक्त फेज तोडतो, आणि विजेच्या लोळाला स्विचमधली मिलिमीटरभर फट म्हणजे काहीच नाही. नेटची केबलही काढा; एसएमपीएस वाचतो आणि बोर्डवरचे नेटचे पोर्ट जळते, असे होते. लाइट गेली की कॉम्प्युटरचा स्विच बंद करून ठेवा आणि आल्यावर पाच मिनिटे थांबा. येणारी लाइट पहिल्या मिनिटात सगळ्यांत बेभरवशाची असते.

नवा घेताना

डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलेले असते, त्यावर जाऊ नका. बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा आणि १२ ने गुणा. १४ अँपिअर असतील तर उपयोगी ताकद १६८ वॉटच आहे. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरगुती मशीनला तेवढी पुरते, कार्ड असेल तर अजिबात नाही. अॅक्टिव्ह पीएफसी आणि ८० प्लस लिहिलेला एसएमपीएस महाग पडतो, पण आपल्या भागासाठी त्याचा मोठा फायदा असा की तो बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, संध्याकाळच्या उतरलेल्या दाबाची त्याला फिकीर नसते. मात्र जुना स्वस्त यूपीएस असेल तर दोघांचे जमते का, हे दुकानातच लावून पाहा. काही यूपीएसच्या ओबडधोबड लहरींवर असे एसएमपीएस बंद पडतात. तळेगाव स्टेशनच्या किंवा लोणावळ्याच्या बाजारात हवा तो मिळाला नाही, तर लोकलने पुण्याला जाऊन तपकीर गल्लीत चार दुकाने फिरा. जुना एसएमपीएस सोबत न्या, म्हणजे आकार आणि जोडण्या जुळवता येतील. बिल घ्या, वॉरंटीचा स्टिकर दुकानातच पाहून घ्या. आणि नवा बसवण्याच्या दिवशी मल्टीमीटर पुन्हा एकदा सॉकेटला लावा, संध्याकाळी, मोटर चालू असताना.